दुसरा ब्रेक

पाय गेला नाही. झालं ते एवढंच. छत्रीवाला म्हातारा रस्त्याच्या मधोमध आला होता, माझ्या शेजारी स्टीअरिंगला लटकल्यासारखी बसलेली औषधांच्या दुकानातली बाई ब्रेकऐवजी रेस दाबत होती, आणि मी, जिला नेमक्या ह्याच क्षणासाठी पगार मिळतो, बाजूच्या सीटवर बसून काचेतून समोर बघत होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बाजूच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. बाकी शिकवणं वगैरे म्हणजे वरची सजावट. क्लच, गिअर, आरसे कुणीही सांगू शकतं. माझं खरं काम म्हणजे माझा उजवा पाय. तो पेडलच्या वर जरा उचलून धरायचा आणि शेजारचं माणूस पुरतं चुकण्याच्या आत खाली न्यायचा. आजवर तो मला विचारून कधी गेलाच नाही. डोळ्यांनी बघितलं की पाय गेलेला असायचा, डोकं मागून यायचं. त्या दिवशी डोळ्यांनी सगळं बघितलं. छत्रीची एक काडी निघालेली होती, तीसुद्धा बघितली. म्हाताऱ्याच्या पिशवीतून पाव डोकावत होता. आणि पाय होता तिथेच राहिला, टाच टेकून, बागेत बाकावर बसल्यासारखा. शेवटी म्हाताराच मागे सरला. गाडीचा आरसा छत्रीला घासून गेला, कापड फाटल्याचा आवाज आला, आणि पुढे कुठेतरी त्या बाईलाच ब्रेक सापडून गाडी गचका खाऊन बंद पडली.

ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, घाबरायचं नाही, मी आहे ना. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा म्हटलं आहे की त्याला आता जीभसुद्धा लागत नाही. तिने नाक पुसलं आणि म्हणाली की मॅडम, तुम्ही होतात म्हणून वाचलो. मी तिला पुढच्या चौकात डावीकडे घ्यायला सांगितलं. स्कूलच्या मालकांना मी काही बोलले नाही, घरीही नाही. चहा प्याले, चप्पल काढून पाय टेबलाखाली लांब केला आणि त्याच्याकडे बघत बसले. खरं तर हादरायला हवं होतं. त्याऐवजी वाटलं काय, तर हलकं. दिवसभर चावणारा बूट काढल्यावर वाटतं तसं. एक माणूस मरता मरता वाचला आणि मला बरं वाटत होतं. आणि ह्या बरं वाटण्याचीच भीती मला मग रात्रंदिवस पुरली.

ह्या पायाचं कौतुक घरात फार. माझी उजवी पोटरी डावीपेक्षा जाड आहे, इतकी की मुलीने फिजिओथेरपीच्या पहिल्याच वर्षी टेप लावून मोजली आणि मैत्रिणींना सांगितलं. नवरा मेकॅनिक, हा दुसरा ब्रेक त्यानेच बसवलेला. गाडी आमची, स्कूलला भाड्याने दिलेली, पाठीवर 'एल'ची लाल पाटी, आणि घरची म्हणून तीच एक. लोक बायकोला दागिने करतात, मी ब्रेक केला, असं तो पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे दर वेळी हसतात. दूध उतू जायला आलं की माझा पाय फरशीवर दाबला जायचा. मुलगी स्टुलावर चढली की दाबला जायचा. सिनेमात कुणी गच्चीच्या कठड्याशी गेलं तरी. झोपेत मी लाथा मारते. तुझ्याबरोबर झोपणं म्हणजे चौकात झोपणं, असं नवरा म्हणतो. मुलीला मी सायकल शिकवली ती मागचं कॅरिअर धरून तिच्याबरोबर पळत. ती म्हणायची सोड, मी म्हणायचे सोडलंय, आणि पळत राहायचे. ती एकदाही पडली नाही. आणि तिला आजही सायकल धड येत नाही. गाडी शिकायचा विषय निघाला तेव्हा तिने सरळ सांगितलं की तुझ्याकडून शिकणार नाही, तुझ्या शेजारी बसलं की मला स्वतःचे पाय आहेत असं वाटतच नाही. मला राग आला होता. डोळ्यांत तेल घालून सांभाळलं त्याचं हे बक्षीस, असं काहीतरी मी बोलले. आता वाटतं, तेल संपतंही.

आमच्या सहली नवरा ठरवतो. त्याला दोन वेडं आहेत, तंबू आणि पडक्या भिंती; दोन्ही एकाच ठिकाणी मिळाली की त्याला स्वर्ग. ह्या वेळी त्याने तळं शोधलं होतं, तळ्याकाठी तंबूची जागा, आणि जवळच एक जुना पूल आणि एक किल्ला. हंगाम संपलेला, गर्दी नाही, असं तो आनंदाने सांगत होता. मला जायचं नव्हतं. पण घरी राहायचं म्हणजे कारण सांगायचं आणि कारण सांगायचं म्हणजे पाय सांगायचा. मुलगीही कुरकुरत तयार झाली. गाडी तीच, लाल पाटी काढून डिकीत टाकलेली. नवरा चालवत होता, मी माझ्या नेहमीच्या जागी. तो चालवतो तेव्हा मी ब्रेक दाबते ह्यावरून आमची आजवर जेवढी भांडणं झाली तेवढी बाकी सगळ्यांवरून मिळून झाली नसतील. घाटात समोरून मालट्रक आला, आमच्या अंगावर येतोय की काय इतका. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, मग माझ्याकडे बघितलं. पुढे एका वळणावर कुत्रं आडवं आलं. तळ्याला पोचल्यावर इंजिन बंद करून तो म्हणाला, आज चालवायला मजा आली, तू एकदाही ब्रेक दाबला नाहीस. सुधारलीस. त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने आपली स्तुती करावी आणि ती ह्याबद्दल असावी. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं की आई, तुला बरं आहे ना. मी म्हटलं, मस्त.

पूल आधी बघितला. दगडी, अरुंद, मधे मधे कठड्याला कोनाडे काढलेले, बैलगाड्या यायच्या तेव्हा पायी चालणाऱ्याने त्यात शिरून उभं राहायचं. नवऱ्याने पाटी मोठ्याने वाचली. तो कुठलीही पाटी मोठ्यानेच वाचतो, आम्हाला वाचता येत नसल्यासारखा. मी एका कोनाड्यात शिरून उभी राहिले. खाली पाणी, काळपट, घाई नसलेलं. उडी मारावीशी वाटली नाही, हे मला सांगायलाच हवं, कारण कुणाला असं काही सांगायला लागलं की ऐकणारा आधी तिथेच जातो. उडी मारायला काहीतरी करावं लागतं. वर चढायचं, पाय उचलायचा, धीर गोळा करायचा. माझ्यात बिघडलं होतं ते करण्याचं नव्हतंच, थांबवण्याचं होतं. जे चाललं आहे ते चालू दे, जे येतंय ते येऊ दे. मला फक्त तो पाय उचलून धरायला सांगू नका. त्या कोनाड्यात, अंगाला तिन्ही बाजूंनी गार दगड, मला पहिल्यांदा नीट कळलं की मी थकलेली नाही. थकलेलं माणूस झोपून उठलं की बरं होतं. हे संपलेलं होतं. मुलगी पुलाच्या टोकाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. हल्ली तिला माणसं बघायचा नाद लागला आहे. कोण कुठल्या पायावर भार देतं, कुणाचा खांदा उतरलाय, हे ती बसथांब्यावर उभ्या उभ्या सांगते. मी कोनाड्यातून बाहेर आले आणि फार फार चांगली चालले.

किल्ल्याच्या दरवाज्याशी मोठी पाटी होती. वेढा पडला होता म्हणे, वर्षाच्या वर. बाहेरच्यांच्या तोफा तटाला साधा चरा पाडू शकल्या नाहीत. आत कोठारात धान्य, हौदात पाणी, दारूगोळा कोरडा. आणि एका सकाळी आतल्या लोकांनी स्वतःच दार उघडलं. फितुरी नाही, लाच नाही, उपासमार नाही. कारण कुणालाच माहीत नाही, असं पाटीवर चक्क लिहिलेलं. नवरा त्या पाटीवर चिडला. त्याने ती दोनदा वाचली. पाणी होतं, दाणा होता, मग दार का उघडतील, असं तो आम्हाला विचारत राहिला, आम्हीच उघडल्यासारखं. काहीतरी बिघाड असणार, म्हणाला, बिजागरी गेली असेल, अडसर सडला असेल. मी म्हटलं, कंटाळले असतील. तो इतक्या मोठ्याने हसला की कमानीतली कबुतरं उडाली. कंटाळा आला म्हणून कुणी किल्ला देतं का. पहाऱ्यावरचा एक जण मला समोर दिसत होता. वर्षभर रोज तटावरून तेच ते बघितलेला, डोळे उघडे ठेवून ठेवून त्यांची आग झालेला. आणि एक दिवस उजाडताना त्याला कळलं की आपल्याला हरण्याची भीती उरलेली नाही, फक्त उद्याच्या पहाऱ्याची उरली आहे. त्याने अडसर काढला असेल तेव्हा त्याला हलकं वाटलं असेल. ते पाटीवर लिहिता येत नाही.

वर तटाला कठडा नव्हता. नवऱ्याला मुलीचा फोटो काढायचा होता, मागे बुरूज यायला हवा म्हणून तो तिला सांगत होता, थोडी मागे, अजून थोडी, अजून. तो मोबाइलमध्ये बघत होता. मी तिच्या टाचांकडे बघत होते. टाचांच्या मागे जरासं गवत आणि गवतामागे काही नाही. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी तिचं झाकण लावलं. हे मला आठवतंय, फिरवून घट्ट लावलं, गळू नये म्हणून. अजून थोडी, नवरा म्हणाला. मुलीने सहज मागे वळून बघितलं आणि पुढे आली. काय बाबा, एकुलती एक आहे मी, म्हणाली. दोघं हसले, नवरा नंतर चांगलाच घाबरला, कपाळ पुसत राहिला, मला म्हणाला की अगं तू तरी ओरडायचंस. मी म्हटलं, लक्ष नव्हतं. लक्ष होतं. कुंपणच शेत खातं असं म्हणतात. इथे कुंपण नुसतं उभं राहून शेत खाल्लं जाताना बघत होतं. उतरताना पायऱ्यांवर मी ठरवलं की आज सांगायचं. परवा ती औषधांच्या दुकानातली बाई पुन्हा येणार होती, तिच्यामागे दुसरं कुणी, आणि रस्त्यावर छत्र्या घेऊन चालणारी माणसं तर काय, रोजच असतात.

संध्याकाळी मुलगी मोबाइलला रेंज मिळते का बघायला टेकाडावर गेली. नवरा तंबूच्या खुंट्या ठोकून झाला होता, स्टोव्हवर सूप ठेवून ढवळत होता, खुशीत होता. त्याच्या खुशीत मिठाचा खडा टाकणं माझ्या जिवावर आलं. पण मी सांगितलं. आधी म्हाताऱ्याचं सांगितलं, छत्रीचं, आरशाचं. तो ढवळायचा थांबला.

"ब्रेक लागला नाही?" त्याने विचारलं.

"मी दाबला नाही."

"म्हणजे दाबलास, पण लागला नाही."

"दाबलाच नाही. दिसत होतं सगळं. पाय हललाच नाही माझा. तटावरसुद्धा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, त्या तोंडावर माझं सगळंच अवलंबून असल्यासारखं. तो चांगला माणूस आहे. दारू नाही, हात उगारणं नाही, माझ्या आईच्या आजारपणात त्याने जेवढं केलं तेवढं पोटच्या मुलाने केलं नसतं. त्याच्या कपाळावर आठी पडली, त्याला आवाजावरून इंजिन कळतं तेव्हा पडते तशी, आणि मला वाटलं, कळलं ह्याला. मग तो उठला. "पेडल सैल झालं असणार," तो म्हणाला. "पायाला भरवसा वाटला नाही की पाय जात नाही, असं होतं. थांब, बघतो." मी म्हटलं, अहो, पेडलचं नाही. तो डिकीतून पाना आणि टॉर्च काढून गाडीत शिरलाही होता. सीट मागे सारून, डोकं खाली, पाय दाराबाहेर, अंग पिळून तो पेडलखाली निजला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हे. मी स्टोव्हपाशी बसून राहिले. सूप खाली लागल्याचा वास आला, तेही मी बघितलं. आतून नटाचा कुईं आवाज येत होता, मधेच त्याचा आवाज, की जरा होतंच सैल, तरी म्हटलं. त्याच्या बाहेर आलेल्या पायातले मोजे वेगवेगळ्या जोडांतले होते. त्या मोज्यांकडे बघून मला रडू आलं. इतकं प्रेम आणि सगळं चुकीच्या पत्त्यावर.

बाहेर येता येता त्याची कंबर धरली. अर्धा वाकलेला, हातांना ग्रीस, तोंड वेदनेने वाकडं, आणि तरी हसत मला म्हणाला, आता बोटाने दाबलास तरी लागेल. मुलगी टेकाडावरून पळत आली, त्याला पालथा घातला, कमरेवर हात फिरवून म्हणाली की स्नायू धरलाय, वळू नका, वाकू नका, आणि गाडी चालवायची नाही. कसं झालं विचारलं तेव्हा तो म्हणाला, तुझ्या आईचा ब्रेक दुरुस्त करत होतो. तिने माझ्याकडे बघितलं. सूप करपलेलं होतं, आम्ही ते प्यायलो.

तंबूत मी मधे झोपले. कापडाला ओलसर वास येत होता. आई आठवत होती. तिला गॅस बंद केलाय का हे बघायची खोड होती. झोपायच्या आधी एकदा, झोपल्यावर उठून एकदा, कुणी पाणी प्यायला उठलं तर त्याला सांगून एकदा. सगळं घर तिची थट्टा करायचं. हॉस्पिटलमध्ये, बोलणं जवळजवळ बंद झालं होतं तेव्हा, तिने मला खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं, गॅस बंद केलास? मी म्हटलं, केला आई. नक्की? नक्की. मग तिचा चेहरा सैल पडला. आयुष्यात मी तो चेहरा तसा कधी बघितला नव्हता. कपाळ, हनुवटी, सगळं आपापल्या जागी जाऊन निजल्यासारखं. त्यानंतर ती काही बोलली नाही. तेव्हा मी त्याला शांती म्हटलं होतं, सगळ्या नातेवाइकांना तसंच सांगितलं. तंबूत मला वाटलं की मला फक्त तेवढंच हवं होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं की बंद केलाय, मी बघितलाय, तू झोप. एका बाजूला नवरा कण्हत घोरत होता. दुसऱ्या बाजूला मुलगी जागी होती, श्वासावरून कळत होतं. मी तिच्याकडे वळले असते तर तिने विचारलं असतं. मी वळले नाही.

सकाळी ऊन छान पडलं आणि नवऱ्याला कमरेपेक्षा त्याचं वाईट वाटत होतं की दिवस फुकट जाणार. किल्ल्याच्या पायथ्याशी एक सपाट माळ आहे. वेढा घालणाऱ्यांची छावणी तिथे होती म्हणे. आता हंगामात गाड्या लावतात, आत्ता चिटपाखरू नव्हतं. त्याने मला गाडी तिथपर्यंत न्यायला लावली, स्वतः एका दगडावर ताठ बसला, आणि म्हणाला की पोरीला इथे शिकव. रस्ता नाही, माणूस नाही, ब्रेक नवा कोरा. मी नको म्हटलं. मुलगीही नको म्हणेल असं मला वाटलं होतं, पण ती मला न्याहाळत होती, आणि म्हणाली, चालेल. मी अडून बसायला हवं होतं. डोकं दुखतंय म्हणायचं, गाडीला काहीतरी झालंय म्हणायचं, शंभर बहाणे होते. मी बसले, कारण मला बघायचं होतं. म्हातारा परका होता, तटावर मी लांब होते. पण स्वतःची पोर शेजारी बसलेली असताना, पेडल पायाखाली असताना तरी पाय जाईल. जायलाच हवा. तिथे गेला तर मग बाकी सगळं थकवा म्हणून सोडून देता आलं असतं, सुट्टी घेता आली असती, डॉक्टरकडून गोळ्या. आईचा पाय आहे तो. मी पोरीचा जीव पणाला लावून माझा पाय तपासायला बसले होते, आणि हे मला बसताना नीट माहीत होतं.

ती बरी चालवत होती. क्लच सोडताना दोनदा बंद पाडली, मग जमलं. पहिला गिअर, दुसरा. मोठं वर्तुळ घेतलं, नवऱ्यासमोरून गेलो तेव्हा त्याने हात उंचावला. माळाच्या टोकाला जुना हौद आहे, जमिनीत उतरलेला, छावणीच्या घोड्यांसाठी खणलेला. त्याला कठडा नाही, नुसता दगडांचा काठ, गवताच्या पातळीला. तिने स्टीअरिंग सरळ केलं आणि गाडी त्या काठाकडे निघाली. मी म्हटलं, वळव. म्हटलं का? मला वाटतं मी म्हणायचं ठरवलं आणि तोंड उघडलं नाही. काठाचे दगड वेगवेगळे दिसायला लागले. एकावर शेवाळ होतं. मी पायाची वाट बघत बसले, उशिरा येणाऱ्या माणसाची दारात उभं राहून बघतात तशी. तो माझाच पाय होता, चप्पल माझी, अंगठ्याचं तुटलेलं नख माझं. मी त्याला हुकूम केला नाही, विनवणी केली नाही. आत कसलीही झटापट नव्हती, ते सगळ्यात वाईट होतं. सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत मला पुन्हा हलकं वाटायला लागलं.

गाडी धाडकन थांबली आणि बंद पडली. तिने ब्रेक मारला होता, क्लच न दाबता, दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून. काच हौदाने भरलेली. खाली हिरवं पाणी, त्यावर आमच्या गाडीच्या नाकाची सावली. इंजिन थंड होतानाचा टिकटिक आवाज येत होता. ती समोर बघत नव्हती. ती खाली बघत होती, माझ्या पायाकडे, आणि मला कळलं की ती बऱ्याच आधीपासून तिकडेच बघत असणार.

"तू पाय उचललाच नाहीस," ती म्हणाली.

"तुला जमणार हे मला माहीत होतं."

शिकवणाऱ्यांचं ठेवणीतलं वाक्य. विद्यार्थी ह्यावर खूश होतात. ती माझ्याकडे वळली. तिच्या ओठांचा रंग गेला होता, पण आवाज अगदी साधा होता, घरात मीठ संपलंय सांगावं इतका.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

लांबून टाळ्या ऐकू आल्या. नवरा दगडावरून कमरेला धरून उठला होता, तोंडाशी हात धरून ओरडत होता की शाबास, आईला ब्रेकसुद्धा दाबावा लागला नाही. आम्ही दोघी त्याच्याकडे बघून हसलो. मुलगी उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि दार उघडून उभी राहिली. मी गाडी मागे घेतली तेव्हा ती आत बसली नाही, चालत आली.

तंबू आम्ही दोघींनीच उतरवला. ती खुंट्या उपटत होती, मी कापडाची घडी घालत होते. घडीची टोकं जुळवताना समोरासमोर यावं लागतं, तेव्हा ती कापडाकडे बघायची. मला तिला सगळं सांगायचं होतं. म्हातारा, पाव, कोनाडा, आजीचा चेहरा. पण ज्याला सगळं आधीच दिसलं आहे त्याला सांगायचं काय, आणि सांगितल्यावर तिने करायचं काय. वीस वर्षांच्या पोरीच्या हातात मी काय ठेवणार होते. तिने बापाला काही सांगितलं नव्हतं, हे तो मजेत शिट्टी वाजवत होता त्यावरून मला कळत होतं. नवरा पुढे बसायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे आडवे व्हा. पुढे मी बसते." तो म्हणाला की मागे कोंबल्यासारखं होतं. तिने त्याच्या पाठीखाली स्लीपिंग बॅगा रचल्या, उशी दिली, अगदी नर्ससारखी, आणि त्याला बोलायची संधी न देता दार लावून घेतलं. मग ती माझ्या नेहमीच्या जागेवर बसली. सीट पुढे ओढली. बूट काढून मागे टाकले, आणि उजवा पाय पेडलवर ठेवून एकदा हळूच दाबून बघितला. नवऱ्याने घट्ट केलेलं पेडल, लगेच लागलं. गाडी चालू कर, अशी तिने माझ्याकडे बघून मान हलवली. दुसरं कुणी चालवणारं नव्हतं.

घाट उतरताना मी फार जपून चालवलं. वळणं आधीच ओळखत होते, गिअर खाली आणत होते, हॉर्न देत होते. परीक्षेला बसलेल्या माणसासारखी. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तिचा पाय दिसत होता, पेडलच्या वर किंचित उचललेला, मोज्यातली बोटं आखडलेली, पोटरीचा स्नायू वर आलेला. असा पाय धरून ठेवला की आधी पोटरी दुखते, मग मांडी, मग कमरेपर्यंत एक दोरी ओढल्यासारखी होते, आणि काही वेळाने दुखणं कळेनासं होतं आणि पाय आपला राहत नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मला म्हणायचं होतं, खाली ठेव गं, विश्रांती घे. ते म्हणायचा हक्क माझ्याकडे नव्हता. मागे नवरा किल्ल्याबद्दल बडबडत होता, दार आतून उघडलं असेल तर नक्की अडसरच सडला असणार, दुसरं काही संभवत नाही. बोलता बोलता त्याला झोप लागली. शहर आलं. ओळखीची दुकानं, ओळखीचे खड्डे, शाळा सुटलेली, फुटपाथवर पोरांची झुंबड. पुढे सिग्नल लाल झाला आणि माणसं रस्त्यावर उतरली, आणि त्याच क्षणी माझा पाय निघाला. मी न सांगता, डोक्याच्या आधी, जुन्यासारखा, ब्रेककडे. तो निघाला होता, खरंच निघाला होता. पण तो पोचायच्या आत गाडी थांबली होती. माणसं आमच्यासमोरून जात राहिली. तिने पेडलवरून पाय काढला नाही, आणि माझा निघाला होता हे मी तिला सांगितलं असतं तरी तिने आता त्यावर विश्वास ठेवायला नको होता.